कन्हेरीचा माळ आणि सलीम अलींची चिमणी

कन्हेरी म्हटलं की मुंबईकराला बोरिवलीची लेणी आठवतात. बारामतीच्या माणसाला मारुती आठवतो. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं याच कन्हेरीच्या मारुतीपुढे फुटत आला आहे. त्यामुळे निवडणूक आली की गावाचं नाव वर्तमानपत्रात येतं आणि मतमोजणी झाली की मागे पडतं. मला मात्र इथल्या माळाबद्दल लिहायचं आहे. त्या माळावरच्या पाखरांबद्दल, आणि पाखरं नुसती पाहत बसण्याचा छंद आपल्या मुलखात कुठून कुठून आला त्याबद्दल.

निमित्त साधं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीची दोन मुलं, त्यांचे तीन मित्र आणि मी असे कन्हेरीच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर दोन रात्री तंबू टाकून राहिलो. तिसऱ्या दिवशी सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जायचं ठरलं होतं. तंबूची हौस पोरांची, पाखरांची माझी. पहिल्या सकाळी धाकट्या भाच्यानं समोरचा उघडा माळ पाहिला आणि निकाल दिला, "मामू, हितं तो कुछबी नई."

त्याचं चुकलं असं कसं म्हणू? सरकारी दप्तरही हेच म्हणतं. सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात, बोलीत 'पडीक', आणि उपग्रहावरून बनवलेल्या सरकारी नकाशांत अशी कितीतरी गवताळ जमीन ओसाड म्हणून रंगवलेली असते. उन्हाळ्यात गवत वाळून काडी झालेलं, मधेमधे बोर, हिवर, बाभूळ, मुरूम पांढरा पडलेला. डोंगर नाही, दाट झाडी नाही. जंगल म्हणून पोरांना टीव्हीवर जे दाखवलं जातं त्यातलं काहीच इथं नाही.

पण तासाभरात त्याच माळावर टिटवीनं आमच्या डोक्यावर घिरट्या घालून आकांत मांडला, तेव्हा कळलं की आम्ही तिच्या अंड्यांच्या फार जवळ आलो आहोत. चार अंडी, खड्यांच्या रंगाची, उघड्या मुरमावर. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढायचा, पंख मिटून दगडासारखा खाली यायचा आणि जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर जायचा. नाव डोंबाऱ्यावरून पडलं ते यासाठी. धाविक दिसला. हा पक्षी उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो, चार पावलं पळतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. या सगळ्यांची घरं जमिनीवर असतात, आणि ती थाटायचे दिवस म्हणजे हाच रखरखीत उन्हाळा. पखुर्डीचा नर तर पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ते ओलं पोट घेऊन मैलोगणती उडत पिल्लांकडे परततो. पिल्लं त्या पिसांतून पाणी ओढून पितात. बारामतीच्या मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला या पाखराची हिकमत जास्त कळेल.

बाभळीच्या शेंड्यावर खाटीक बसला होता. किडे, सरडे धरून काट्यात टोचून ठेवायची सवय असल्यानं या पक्ष्याला मराठीत खाटीक म्हणतात. मोठ्या भाच्याला हे नाव फार आवडलं, कारण त्याचा एक मित्र खाटीक जमातीतला. मग त्याला एक गंमत सांगितली. ज्या चार जीवांना मारू नये असं हदीसमध्ये आलं आहे त्यांत मुंगी, मधमाशी आणि हुदहुद यांच्या जोडीला 'सुरद' नावाचा पक्षी आहे, आणि सुरद म्हणजे हाच खाटीक असा अर्थ बहुतेक जण लावतात. हुदहुद तर आमच्या तंबूमागेच चोच मातीत खुपसत फिरत होता. सूरह नमलमध्ये हजरत सुलैमान आणि सबाच्या राणीची खबर आणणारा हुदहुद, तोच हा. मराठी पक्षीनिरीक्षकही त्याला हुदहुदच म्हणतात. मक्तबात नाव ऐकलेला पक्षी आपल्याच तालुक्यात किडे खात फिरतो, हे पोरांना खरं वाटेना.

आमच्या घरांतून पाखरांची ओळख होती, पण ती मुख्यतः ताटातली आणि पिंजऱ्यातली. नानांकडे तितर असायचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, त्याच्या आधीची गोष्ट. शिकवलेला तितर रानात नेऊन ठेवायचा, तो ओरडला की रानातले तितर भांडायला येतात आणि जाळ्यात सापडतात. लावे, तितर हलाल करून खाल्ले जात. उत्तरेकडचे लोक काळ्या तितराच्या ओरडण्यात 'सुब्हान तेरी कुदरत' ऐकतात. आपल्याकडचा शेतकरी पावश्याच्या ओरडण्यात 'पेरते व्हा' ऐकतो. एकाच पाखराच्या जातीतून कोणी इबादत ऐकावी आणि दुसऱ्याच पाखरातून कोणी पेरणीचा निरोप ऐकावा, याला मी दोन संस्कृतींमधला फरक म्हणणार नाही. कान लावून ऐकणं दोन्हीकडे सारखंच आहे.

भारतातल्या पक्षीनिरीक्षणाची सर्वांत प्रसिद्ध गोष्टही अशाच एका शिकारीपासून, हलालच्या ताटापासून सुरू होते.

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. सुलेमानी बोहरा घराणं. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतावळ्यातले. सलीम एक वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात या नऊही भावंडांना वाढवलं. मामा शिकारी. भाच्याला त्यांनी छर्ऱ्याची बंदूक दिली आणि पोरगा चिमण्या टिपू लागला. एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हती, मग ही चालते का, हिचं नाव काय? मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीचं कार्यालय तेव्हा अपोलो स्ट्रीटवर फिप्सन कंपनीच्या जागेत होतं, आणि फिप्सन कंपनीचा धंदा दारूचा. म्हणजे चिमणी खावी की नाही या शंकेतून निघालेला बोहऱ्याचा मुलगा दारूच्या व्यापाऱ्यांच्या पेढीत पोहोचला. पिवळ्या गळ्याची रानचिमणी, असं मिलार्डनी सांगितलं आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. तिथून पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली निघालं, आत्मचरित्र १९८५ मध्ये आलं आणि त्याच्या नावातही चिमणीचं पडणं आहे. २० जून १९८७ रोजी ते गेले.

मला त्या प्रसिद्ध चिमणीपेक्षा त्याच सुमाराची दुसरी चिमणी जास्त महत्त्वाची वाटते. १९०६-०७ च्या त्यांच्या वहीत एक नोंद आहे. चिमणीची मादी ढोलीत अंड्यांवर बसलेली, नर बाहेर पहाऱ्याला. पोरानं नर मारला. थोड्या वेळानं मादीकडे दुसरा नर आला. तोही मारला. सात दिवसांत आठ नर मारले, आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. ही नोंद साठ वर्षांनी छापली गेली. वाचताना अंगावर काटा येतो, आणि तरीही हातात बंदूक असलेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा मोजतो आहे, लिहून ठेवतो आहे, पुढे काय होतं ते पाहतो आहे. पक्षीनिरीक्षणाचा जन्म आपल्याकडे दयेतून झाला असं मला वाटत नाही. तो शिकाऱ्याच्या नजरेतून झाला. पाखरू कुठे बसेल, कधी उडेल, कोणत्या मोसमात कुठे असेल, हे शिकाऱ्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

हे सलीम अलींनी स्वतः ओळखलं होतं. १९२७-२८ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी एक लेखमाला लिहिली, मोगल बादशहांवर, निसर्गाचे अभ्यासक आणि शिकारी म्हणून. बाबरनं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या पाखरांची केलेली वर्णनं आणि जहांगीरच्या नोंदी त्यांनी तपासून पाहिल्या. जहांगीरचं मूळ नाव सलीमच, शेख सलीम चिश्तींवरून ठेवलेलं. या सलीमनं त्या सलीमला वाचलं. जहांगीरनं पाळलेल्या सारसांच्या जोडीला लैला-मजनू अशी नावं होती. त्यांचं मीलन, अंडी, रात्री कोण बसतं, पहारा कोण देतं, पिल्लांना कसं भरवतात, हे त्यानं दिवसांगणिक टिपून ठेवलं. त्याच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर, ज्याला 'नादिर-उल-अस्र' हा किताब होता, त्यानं सैबेरियन क्रौंच रंगवला. युरोपातल्या शास्त्रज्ञानं या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं ते १७७३ मध्ये, म्हणजे मन्सूरच्या चित्रानंतर जवळपास दीडशे वर्षांनी. मन्सूरचं म्हणून ओळखलं जाणारं डोडोचं चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. तो पक्षीच जगातून नाहीसा झाला.

आणि हाच जहांगीर बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपण किती जनावरं-पाखरं मारली याचा हिशोब मांडतो: १७,१६७. कारकुनांनी ठेवलेल्या याद्यांवरून काढलेला आकडा. लैला-मजनूच्या पिल्लांची काळजी करणारा आणि हा आकडा अभिमानानं लिहिणारा माणूस एकच. त्यातला एक निवडून आपल्याला हवा तसा जहांगीर उभा करता येत नाही.

दख्खनच्या वाचकासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. बादशहा म्हणून जहांगीर मांडूच्या खाली कधी उतरला नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर त्याला उभ्या आयुष्यात हाती लागला नाही. मग त्यानं अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात बादशहा भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मस्तकाला बाण मारतो आहे आणि सोबत घुबडं दाखवली आहेत. सारसाकडे इतक्या नितळ नजरेनं पाहणाऱ्याला घुबडात मात्र फक्त अपशकुन दिसला, आणि तोही दख्खनच्या हबशी वजिरासाठी वापरायला. ज्या निजामशाहीत मलिक अंबर वजीर होता त्याच निजामशाहीत मालोजी आणि शहाजीराजे वाढले, आणि पुणे-सुपे ही शहाजीराजांची जहागीर झाली. आमच्या तंबूजवळच्या निंबावर रात्री पिंगळा ओरडत होता. पिंगळा हा आपल्याकडे घुबडाचाही शब्द आणि पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्याचाही. पोरं आधी घाबरली, मग त्यांनी टॉर्च मारून त्याला शोधून काढला.

२०१७ मध्ये आपल्या राज्यमंडळाच्या सातवी-नववीच्या इतिहासातून मोगल जवळजवळ निघून गेले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातलं मोगल दरबाराचं प्रकरण गेलं. त्यावर भरपूर चर्चा झाली, आपल्या बाजूनंही झाली, पण तीही लढाया, मंदिरं आणि जिझिया यांच्याच भोवती. मन्सूरचा क्रौंच दोन्ही बाजूंच्या बोलण्यात कुठे आला नाही. ज्याला तो वारसा म्हणून सांगायचा होता त्यालाही तो ठाऊक नव्हता, हे मला पुस्तकातून गाळण्याइतकंच खुपतं.

सलीम अलींचा 'मुसलमान' म्हणून अभिमान बाळगणाऱ्यांनी त्यांचं आत्मचरित्रही वाचावं. अर्थ न कळता पाठ केलेलं अरबी पठण आणि धार्मिकतेचा देखावा करणारी वडीलधारी मंडळी यांच्याबद्दल त्यांनी कडवटपणे लिहिलं आहे. नमाजाशी त्यांचं नातं राहिलं नाही. ते तसे होते, आणि तसेच आपले आहेत. औरंगाबादच्या दिल्ली दरवाजाजवळचा खिजरी तलाव आज त्यांच्या नावानं ओळखला जातो, पुण्यात मुळा-मुठेच्या काठी त्यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे.

त्यांच्या आयुष्यातला माझ्या मते सर्वांत सुंदर काळ नोकरी गेल्यावरचा आहे. जर्मनीत बर्लिनला एर्विन श्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून १९३० मध्ये ते परत आले तर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची गाइड लेक्चररची जागा पैशाअभावी रद्द झालेली. मग पत्नी तहमीना बेगम यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथं घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. ते रोज बसून पाहत राहिले. सुगरण नावात बाई आहे, खोपा मात्र नर विणतो. अर्धा विणून झाला की माद्या पाहणीला येतात, एखादीला पसंत पडला तर ती राहते, नर तो पूर्ण करतो आणि मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. १९३१ साली हे छापून आलं आणि सलीम अलींचं नाव झालं. बंदूक न चालवता, एका झाडाखाली बसून.

त्यानंतर हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी, १९३१-३२. फी घेणार नाही, फक्त खर्च द्या, अशी त्यांची अट निजाम सरकारनं मान्य केली. या संस्थानात आपला मराठवाडाही होता. सलीम आणि तहमीना रानोमाळ तंबू टाकत फिरले. १९३९ मध्ये तहमीना बेगम अचानक गेल्या. त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे. तंबूतला संसार, नोंदी, प्रवासाची व्यवस्था, यांतलं किती त्यांच्या अंगावर पडलं असेल याचा अंदाज पाच पोरांना घेऊन दोन रात्री बाहेर काढल्यावर मला थोडाफार आला.

सलीम अलींचे नातलग हुमायूं अब्दुलअली (१९१४-२००१) हेही शिकारी होते. मुंबई राज्याचा वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षण कायदा १९५१ साली आला, त्याच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता. शिकाऱ्यांनीच शिकारीला वेसण घालणारा कायदा केला. पुढे १९७२ चा देशव्यापी कायदा आला. हे आवश्यक होतंच, पण त्याची किंमत सर्वांनी सारखी दिली नाही. नवाब, राजे, गोरे साहेब यांच्या शिकारीला खेळ म्हणत. फासेपारध्यानं पोटासाठी लावलेल्या फाशाला गुन्हा म्हटलं गेलं, आणि इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का तर त्याच्या कपाळावर आधीच होता. सलीम अलींच्या सोसायटीनं १९५९ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात वाळे घालायची मोहीम काढली, तेव्हा पाखरं जिवंत, इजा न होता धरायची कशी हा प्रश्न होता. तो बिहारच्या मीरशिकार जमातीतल्या मुसलमान पारध्यांनी सोडवला. त्यांतल्या अली हुसेन यांचं नाव या क्षेत्रात आजही आदरानं घेतलं जातं. फासेपारध्यांच्या विद्येला असा दरवाजा आपल्याकडे फार क्वचित उघडला गेला.

आता या माळाकडे परत येऊ. बारामती ही मोरोपंतांची. त्यांच्या 'केकावली' या नावाचा अर्थच मोराच्या केका, मोराचं ओरडणं. जवळच मोरगावचा मयूरेश्वर, अष्टविनायकांतला पहिला, ज्याच्या देवळाला चारी कोपऱ्यांना मिनारासारखे मनोरे आहेत. लांबून मशीद वाटावी म्हणून ते बांधले, असं लोक सांगतात. त्या मयूरेश्वराच्या नावानं सुप्याजवळ अभयारण्य झालं, १९९७ मध्ये, अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. सुप्यात शाहमन्सूरांचा दर्गा आहे. दरबारी चित्रकाराशी या मन्सूरांचा संबंध नाही, पण मला ते नाव ऐकलं की क्रौंच आठवतो. अभयारण्य आहे ते चिंकारा हरणासाठी. तिसऱ्या दिवशी आम्हाला सात चिंकारा दिसले, सिमेंटच्या पाणवठ्यावर, कानाचे पंखे हलवत.

या दोन तालुक्यांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाण्याचा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला, १८८५ मध्ये पाणी सुटलं. मग ऊस आला, गुऱ्हाळं आली, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने आले. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, इंदापूरची गावं पाण्याखाली गेली, आणि त्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथं रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. आज मासेमारी करणारे नावाडी पर्यटकांना होडीतून अग्निपंख दाखवतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. भिगवणचं कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. पण भिगवणचे पक्षी माणसानं साठवलेल्या पाण्यावर आलेले पाहुणे आहेत. माळाचे धाविक, पखुर्डी, चंडोल, कोकरी, लांडगे, चिंकारा इथले मूळ रहिवासी, आणि त्यांच्या वाट्याला 'पडीक' हा शेरा आला. पाणी पोहोचलं तिथं माळ नांगरला गेला. पाणी पोहोचलं नाही तिथं चर खोदून झाडं लावली गेली. झाड लावणं म्हणजे पुण्य हे आपण सर्वांनीच इतकं पक्कं शिकलो आहोत की उघड्या गवतावर गिरीपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या तर कोणाला वाईट वाटत नाही. टिटवीला आणि धाविकाला मात्र लांबून येणारं कुत्रं दिसेल एवढी मोकळी जमीन लागते. झुडपात ते अंडी घालत नाहीत.

ही गोष्ट आयुष्यभर सांगत आलेले माणूस म्हणजे डॉ. असद रहमानी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून शिकून ते सोसायटीत आले, १९८० च्या दशकात माळढोकाचा अभ्यास केला, मध्य प्रदेशात करेरा आणि आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नज इथं महिनोन्महिने राहिले, आणि १९९७ ते २०१५ सोसायटीचे संचालक होते. गवताळ प्रदेश ही ओसाड जमीन नव्हे, हे त्यांनी सरकारला इतक्या वेळा लिहिलं की त्याचा कंटाळा त्यांना येण्याऐवजी वाचणाऱ्यांना आला असावा. नान्नजची कहाणी यातलं अवघडपण दाखवते. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर जाहीर झालं. त्यात गावं, शहरं, शेतं सगळं आलं. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, माळढोक म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडू लागली. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर पाखरू लोकांच्या मनातून उतरलं होतं. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

पुणे वनविभागानं अलीकडे इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळमध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, आणि वाट दाखवायला गावातली मुलं आहेत. मला हा प्रयोग नान्नजच्या जाहीरनाम्यापेक्षा शहाणा वाटतो. लांडग्यामुळे चार पैसे गावात येत असतील तर धनगराच्या वाड्यावरचं मेलेलं मेंढरू हा फक्त संतापाचा विषय राहत नाही. अर्थात मेंढराची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, आणि गाड्यांची संख्या आवरली पाहिजे. धाविकाची अंडी चाकाला दिसत नाहीत. मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी वाट सोडून गाडी घालू नये, सकाळी नऊच्या आत माळ सोडावा, टिटवी ओरडू लागली की मागे फिरावं. तिला फार वेळ अंड्यांवरून उठवलं तर उन्हात अंडी तापतात.

राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाची बाजू मांडली होती. १९६३ मध्ये मोर ठरला. मोरोपंतांच्या आणि मयूरेश्वराच्या मुलखात त्याबद्दल तक्रार कोण करणार! मोर गावात, शेतात, देवळाच्या आवारात कुठेही जगतो. माळढोकाला तसं जमत नाही. राजस्थानात सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत २०१९ पासून अंडी उबवून माळढोकाची पिल्लं वाढवली जात आहेत. ती मोठी होऊन उद्या रानात सोडायची झाली, तर महाराष्ट्रात त्यासाठी झाडं न लावलेली, न नांगरलेली, एका जागी सलग अशी किती जमीन शिल्लक असेल, ते तलाठ्याच्या दप्तरात पोटखराब्याच्या रकान्यात शोधावं लागेल.